सरांची भाची आणि वजनाचा दिवस

माझी मुलगी आमच्या एव्हरशाईन सोसायटीच्या हॉलमध्ये ज्युडो शिकायची. त्या वर्षी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा होत्या. प्रत्येक राज्याचा संघ जाणार होता आणि तिच्या वजनाच्या गटात महाराष्ट्राकडून एकच मुलगी घेणार होते. शिकवणाऱ्या सरांची भाचीही त्याच गटात होती.

निवडीच्या आदल्या दिवशी सर दारात आले. मी नेहमीसारखी पदर सावरून आत सरकले. ते म्हणाले, "वहिनी, पोरगी वाळत चाललीय. आज पोटभर खायला घाला. उद्या अंगात ताकद पाहिजे."

मी वालीवच्या कारखान्यात पॅकिंगला जाणारी, चौथी शिकलेली. सरांचा शब्द मला देवासारखा. मी मटण केलं, वर दूध दिलं.

सकाळी वजनाच्या काट्यापाशी बाकीच्या मुली ओठ सुकवून उभ्या होत्या. एका आईने विचारलं, "तुझी जेवून आली? अगं, वजन गटात बसावं म्हणून माझीने कालपासून पाण्याचा घोट घेतला नाही." भाची तर थुंकून थुंकून तोंड कोरडं करत होती.

माझ्या मुलीचं वजन जरासंच जास्त भरलं. तिला वरच्या गटात टाकलं. तिथल्या दांडग्या मुलीने तिला बघता बघता आपटलं.

मुलगी सरांना म्हणाली, "तुम्हीच तर आईला सांगितलं होतं."

सर हसले. "मी ताकद म्हटलं होतं. वजन वाढव असं म्हटलं होतं का?"

निवड भाचीची झाली. ती राज्याचा ट्रॅकसूट घालून आली, आणि पुढे भाजी आणायलाही तोच घालून जायची. मी गॅलरीतून बघायची. त्या पोरीने माझं काही वाकडं केलं नव्हतं, पण मला तिचं कौतुक वाटलं नाही.

मी मुलीला विरारला एका मॅडमकडे घातलं. पुन्हा राष्ट्रीय स्पर्धांची निवड आली, तेव्हा वजनाच्या आदल्या दिवशी मी गॅस पेटवलाच नाही. घरात फोडणीचा वास नको. मुलगी लिंबाची फोड चाटत चादर गुंडाळून बसली. रडली, तरी मी पाणी दिलं नाही.

निवडीची शेवटची लढत भाचीशीच झाली. माझ्या मुलीने तिला पाठीवर पाडून दाबून धरलं. ठराविक सेकंद तसं धरलं की जिंकली. सर ओरडत होते, "सुट, सुट!" मला वाटत होतं, घड्याळ आणखी हळू चालावं.

मुलीची संघात निवड झाली, तसे सर माझ्याकडे आले. "काही म्हणा वहिनी, पाया आम्हीच घातला. सोसायटीत सत्कार ठेवू, हार मी घालतो."

सत्काराला मी पहिल्यांदा चारचौघांत बोलले. "हार मॅडम घालतील. सर, तुम्ही खाली बसा."

सर बसले. त्यांचे कान लाल झालेले मी नीट बघून घेतले.

मुलगी राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच लढतीत हरली. ती फार रडली. मला म्हणावं तसं वाईट वाटलं नाही. पुढे बाजारात सर भेटले, म्हणाले, "हरली म्हणे पोरगी."

"हो," मी म्हटलं. "महाराष्ट्राच्या संघात जाऊन हरली. तुमची भाची इथेच हरली."

सर निघून गेले. मी मासळी घेतली आणि घरी येऊन, किती तरी दिवसांनी, पोटभर जेवले.