आखाजीची रजा

नव्वदीच्या दशकात सुरतच्या एका साडीछपाईच्या मिलमध्ये मी माणसं भरती करायचो. शेठनी मला ठेवलं ते मी खानदेशचा म्हणून. आमच्याकडची माणसं मला बरोबर ओळखता येतील असा त्यांचा समज. मी मात्र पोस्टाने एक कोर्स करून माणसं कागदावरून ओळखायला शिकलो होतो. कोर्सच्या पुस्तकात बारा प्रश्न होते, प्रत्येकाखाली आदर्श उत्तर आणि त्याचे गुण. उत्तर आदर्श तर माणूस आदर्श, याबद्दल मला तेव्हा तिळमात्र शंका नव्हती.

जानेवारीत घडी खात्यात, म्हणजे साड्या तपासून घड्या घालायला, पाच माणसं हवी होती. सहा आली. तुमच्यातला दोष कोणता, असं विचारल्यावर पहिले पाचही जण म्हणाले की हातातलं काम टाकून घरी जाववत नाही. पहिला बाहेर जाऊन दुसऱ्याला पढवत होता, हे मला दिसत होतं, पण उत्तर पुस्तकातलंच होतं. सहावा डिंडोलीचा, म्हणजे सुरतेतल्याच आमच्या खानदेशी वस्तीतला. तो म्हणाला, झोपमोड झाली की माझं डोकं फिरतं. पाच वर्षांनी कुठे असाल, तर म्हणे इथेच, दुसरीकडे कोण ठेवतंय. शेवटचा प्रश्न रजेचा. पाच जणांना रजा लागतच नव्हती.

सहावा म्हणाला, “आखाजीले पंधरा दिन गावले जासू, साहेब. बहीनले लेवाले मालेच जानं पडस. आतेच सांगी ठेवस. तवढा दिन मना...”

मी हात वर करून त्याला थांबवलं. ऐन लग्नसराईत पंधरा दिवस, आणि तेही कामावर लागायच्या आधीच मागून घ्यायचे! मी शून्य दिलं आणि बाकीच्या पाच जणांना अभिमानाने कामावर घेतलं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या सणाला सासुरवाशीण माहेरी येते आणि तिला आणायला भाऊ जातो. हे मला कुणी सांगायला नको होतं. माझ्या बहिणीचं लग्न नुकतंच झालेलं, तिची ही पहिली आखाजी, आणि तिला भाऊ मी एकटाच. मी जाणारच होतो. फक्त शेठना सांगितलं नव्हतं. वेळ आली की आईला आजारी पाडायचं, एवढं ठरवून ठेवलं होतं.

सणाच्या आदल्या आठवड्यात घडी खात्यातल्या पाचही जणांच्या आया एकदम आजारी पडल्या. खातं ओस पडलं. सहावी आई आजारी पाडायचा धीर मला होईना.

शेठनी मला उधना स्टेशनवर पिटाळलं, निदान दोघांना तरी धरून आणा म्हणून. भुसावळच्या गाडीत माझे आदर्श कुठे दिसेनात. खिडकीत दिसला तो शून्यवाला. त्याला दुसऱ्या मिलमध्ये काम लागलं होतं. तिथल्या मास्तरने त्याचं बोलणं पुरं होऊ दिलं, इतकंच. तेवढे दिवस मावसभाऊ बदलीवर येईल, त्याला मी काम शिकवून ठेवतो, असं ते माझ्याकडे अर्धं राहिलेलं बोलणं होतं. आता तो मावसभाऊ तिथे घड्या घालत होता आणि हा रीतसर रजेवर निघाला होता. त्याच्या बोलण्यात माझ्याविषयी राग नव्हता, त्याचाच मला राग आला. तुम्ही नाही का येत, असं विचारून तो सरकला आणि त्याने मला जागाही करून दिली.

मिलमध्ये परतून मी शेठना पहिल्यांदाच खरं ते सांगितलं. शेठ काही वाईट माणूस नव्हते.

“पहेलां कहेवुं हतुं ने, भाई,” ते म्हणाले. जानेवारीत बोलला असतात तर सोय केली असती, आता खात्यात आहे कोण?

मीच होतो. आखाजीचा दिवस मी साड्यांच्या घड्या घालत काढला, आणि त्याही वाकड्या.

बहीण भेटली ती थेट दिवाळीला. मी मिल, लग्नसराई, पाच आजारी आया असं सगळं रंगवून सांगितलं. ती हसली नाही. आखाजीच्या दिवशी ती सकाळपासून नवं लुगडं नेसून, माहेरी न्यायची थैली भरून सासरच्या ओट्यावर बसली होती. दुपारनंतर शेजारणींनी विचारायचंही सोडून दिलं. मला तिच्याकडे बघवेना.

“येवाव नही व्हता, ते पहिलेच सांगी देता, भाऊ,” ती म्हणाली. “मी थैली भरती नही.”