परीक्षकाला पसंत पडलेला मालक

तिचा नवरा ट्रक चालवायचा, पण मालक पारखण्यातच त्याचा निम्मा जन्म चालला होता. बरोबरचे ड्रायव्हर त्याला ‘परीक्षक’ म्हणत. त्याच्या परीक्षेत आजवर एकही मालक पास झालेला नव्हता. एकाच्या गाडीचे ब्रेक ढिले, दुसरा बेसुमार माल भरतो, तिसरा शिव्यांशिवाय बोलत नाही. हा चावी टेबलावर ठेवून सरळ घरी येई आणि जेवता जेवता कारणं सांगे. कारणं खोटी नसत, म्हणून तर तिला जास्तच वीट आला होता. नवा मालक मिळेपर्यंत घर तिच्या शिलाई मशीनवर चालायचं, ते वेगळंच.

चौथा मालक तिच्या भावाने शोधून दिला. आधी एक खेप करायची, पटलं तर कायम राहायचं, असं ठरलं. या वेळी नाक मुरडलंत तर माहेरी तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं तिने निघताना बजावलं. त्याने मालकाला एकच अट घातली होती : गाडी चालवताना किंवा झोपलो असताना मी फोन घेणार नाही. अशा वेळी त्याच्या फोनवर फक्त बायकोचा नंबर वाजे, तोही घरी काही अडलंनडलं तर म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ब्लाउजला बाही जोडत होती, तेवढ्यात मालकाचा फोन आला. आधी वहिनी, वहिनी करून झालं. मग जीपीएसवर गाडी कधीची एका जागी उभी दिसतेय, माल वेळेत पोचायला हवा, अशी कुरकुर. रात्रभर गाडी चालवलीय, झोपले असतील, असं तिने सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. भावाच्या शब्दाखातर तिने तेही ऐकून घेतलं.

तिसऱ्यांदा मात्र मालक म्हणाला, “वहिनी, तुमचा फोन तो उचलतो ना? मुलगी पडली म्हणून सांगा. झोप उडाली की निघेल आपोआप.”

मुलगी समोरच गृहपाठ करत बसली होती. मुलीकडे बघत तिने फोन ठेवून दिला. बाही उलटी जोडली गेली होती, ती उसवत बसावं लागलं.

नवरा परतला तो शीळ घालत. सीट उत्तम, ब्रेक जागच्या जागी लागतात, माल नेमका.

“आणि मालकाचा एक फोन नाही,” तो म्हणाला. “भावाला कळव, हा पास.”

जे ऐकायला तिचे कान आसुसले होते, ते याने नेमकं आज बोलावं! तिला असा संताप आला की मशीन उचलून बाहेर फेकावंसं वाटलं. दातओठ खात तिने सगळं सांगून टाकलं.

तो एक बूट पायात, एक हातात असा बसून राहिला. मग म्हणाला, “तू फोन केला असतास, तर मी अर्ध्या झोपेत गाडी काढली असती.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “उद्या जाऊ नका. भावाशी मी भांडेन.”