कपाटातला गूळ

कोल्हापूर यायचं होतं आणि मी आधीच उतरून मोकळी झाले. डोळा लागला होता, गाडी थांबली, कुणीतरी "चला" म्हणालं आणि मी पिशव्यांसकट फलाटावर. पाटी वाचली, तर हातकणंगले! पुण्याहून निघालेल्या ग्रंथपाल बाईला पाटी आधी वाचायचं सुचू नये, याला काय म्हणावं? पुढचा रस्ता शिरोली एमआयडीसीवरून वडापने (भरली की सुटणारी खासगी जीप) काढला. "सरका की जरा, पावणं," म्हणत चालकाने चौघींच्या जागेत सहावी बसवली.

काम तसं सोपं होतं. आमचं विद्यापीठ जुने प्रबंध इंटरनेटवर खुले करतंय, कुणीही घरबसल्या फुकट वाचावेत म्हणून. त्यासाठी लेखकाची सही लागते. गुळावर प्रबंध लिहिलेले जाधवसर मात्र दाद देईनात. आमच्याकडची प्रत कधीच गहाळ झालेली, उरलेली एकुलती एक त्यांच्या घरी. पत्रांना उत्तर नाही. फोन केला तर म्हणाले, जेवायलाच या.

गेले. मी फॉर्म काढला की काकू तांबडा-पांढरा रस्सा वाढायच्या. तिसऱ्या वाटीला मी हरले आणि फॉर्मवर तांबडा रस्सा सांडला. सरांचं म्हणणं एकच, खुलं केलं की लोक चोरतात. म्हणून प्रबंध लोखंडी कपाटात आणि किल्ली करदोट्याला (कमरेच्या काळ्या गोफाला). आंघोळीलासुद्धा सोडत नाहीत, असं काकूंनी सांगितलं. कौतुकाने की वैतागाने, ते कळलं नाही.

"आधी गुऱ्हाळ बघा, मग सहीचं बोला," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने कुरुंदवाडच्या अलीकडे उतरलो. उसातून चालताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. कोल्हापुरात येऊन पुण्याची चप्पल घालणारीचं असंच व्हायचं, असं सर म्हणाले आणि बराच वेळ हसले.

हे गुऱ्हाळ दत्तूतात्यांचं. तात्या म्हणजे नाणावलेला गुळव्या (रसाकडे बघून गूळ कधी झाला ते ओळखणारा कारागीर). सरांनी दोन हंगाम त्यांच्या शेजारी बसून सगळं लिहून घेतलेलं. आता तात्या थकलेत, काम सून सुमन बघते. ती काहिलीजवळ (रस आटवायची भली मोठी कढई) कपाळाला हात लावून बसली होती. खारवट रानातला ऊस होता आणि लागोपाठ दुसरं आधण बिघडलं होतं. गूळ धरतच नव्हता, नुसता चिकट लगदा.

अशा रसात चुन्याची निवळी (चुन्याचं वरचं नितळ पाणी) कधी आणि किती घालायची, हे तिने सासऱ्यांना विचारलं होतं. तात्यांना आठवेना. पण ते निवांत होते.

"सरांस्नी सांगितलंय की मी समदं. त्यांच्या बुकात हाय."

सुमनने सरांकडे पाहिलं. सरांनी घसा साफ केला, चष्मा पुसला, काहिलीभोवती एक फेरी मारली. मग दुसरी. मला हसू आवरेना, कारण सरांनाही आठवत नव्हतं.

"घरी आहे," ते शेवटी म्हणाले. "कपाटात. नाहीतर लोक चोरतात हो, तात्या."

तात्यांनी मान वर करून विचारलं. रागाने नाही. खरंच कळत नव्हतं त्यांना.

"मी सांगताना कुलूप लावलंतं का, सर?"

माझं हसू तिथेच थांबलं. सर खाली बसले आणि जमिनीवरची चिपाडं उगाच गोळा करत राहिले.

घरी आल्यावर सर थेट कपाटाकडे गेले. करदोट्याची गाठ वर्षानुवर्षांची, सुटेना. शेवटी काकूंनी कात्रीच लावली. सरांनी आधी पान काढून सुमनला फोनवर माप सांगितलं, मग रश्श्याच्या डागाशेजारी सही केली. एक अट घातली. प्रबंधात तात्यांचा उल्लेख नुसता 'स्थानिक माहितगार' असा होता. तिथे त्यांचं पूर्ण नाव हवं, आणि सरांच्या नावाच्या वर.

जुन्या पानात फेरफार करता येत नाही, म्हणून मी सरांचं एका पानाचं निवेदन सुरुवातीला जोडलं, त्यात तात्यांचं नाव सगळ्यात वर.

पुण्याला आले ती नव्या कोल्हापुरी चपलांनी पाय चावून घेत. प्रबंध खुला झाला त्या दिवशी सुमनला दुवा पाठवला. तिने मोबाइलवर तात्यांना त्यांचं नाव वाचून दाखवलं आणि ते काय म्हणाले ते मला फोनवर सांगितलं.

"बरं झालं. आता मी इसरलो तरी चालतंय."