दोन्हीकडचा अर्जनवीस

बन्सीला शिव्या देता येत नव्हत्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात खापरदऱ्याच्या दूध संस्थेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जो तमाशा झाला, त्यातला निम्म्याहून अधिक मजकूर त्याच्या उजव्या हाताच्या एका बोटानं टाइप केलेला होता. तोंडानं म्हणाल तर दावं तोडून पळालेल्या शेळीलाही तो "थांब गं बाई" म्हणायचा.

बन्सी अर्जनवीस होता. लिंबागणेशच्या अंगाला असलेल्या या गावात कुणाला सरकारदरबारी काही मागायचं असलं, की लोक त्याच्याकडे बोट दाखवायचे. बौद्धवाड्यातला तो पहिला मॅट्रिक. बीडच्या कचेरीसमोर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या अर्जनविसाच्या हाताखाली वर्षभर शिकला, बाहत्तरच्या दुष्काळात गावी परतला, आणि दूध संस्थेच्या शेडसमोरच्या लाकडी बाकावर जो बसला तो सत्तेचाळीस वर्षं. विहिरीचा अर्ज, निराधारचा अर्ज, नवरा मारतो म्हणून फौजदाराला अर्ज. बांधाच्या भांडणात सकाळी एक भाऊ यायचा, संध्याकाळी दुसरा. बन्सी दोघांचेही अर्ज लिहायचा आणि दोन्ही सारखेच मन लावून लिहायचा. त्याला कुणी दुटप्पी म्हटलं नाही. डॉक्टरही दोघांना तपासतोच की. उस्तादानं त्याला अट एकच घातली होती. अर्जासाठी माणूस जे पोटातलं सांगेल, ते त्या कागदापुरतं. कागद गेला की अर्जनविसानं ते विसरायचं.

विसरणं काही बन्सीला कधी जमलं नाही. पण बोलला तो कुठंच नाही, आणि गावात त्याची जी काय इज्जत होती ती एवढ्या एका गोष्टीवर उभी होती.

मग अर्ज कॉम्प्युटरवर गेले. फाट्यावरच्या दुकानात दोन मिनिटांत फॉर्म भरून मिळू लागला. बन्सीचा बाक ओस पडला. तरी तो रोज सकाळी धुतलेलं धोतर नेसून, खिशाला पेन लावून तिथं जाऊन बसायचा, आणि दुपारी जेवायला घरी यायचा. भिमाबाई, त्याची बायको, त्याला काही विचारायची नाही.

त्या वर्षी पाऊस जवळजवळ झालाच नाही. टँकर चौथ्या दिवशी येई. गावाबाहेर चारा छावणी उघडली आणि जनावरांबरोबर माणसंही तिथंच राहायला गेली. बाप्यांना काम उरलं नाही. छावणीच्या जनरेटरवर मोबाइल मात्र चार्ज होत होते. संस्थेचा ग्रुप खरं तर टँकर कधी येणार आणि दूध किती वाजता घेणार हे कळवायला काढलेला. पण संस्थेची निवडणूक तोंडावर आली होती. दहा वर्षं चेअरमन असलेले अर्जुनराव एका बाजूला, त्यांना पाडायला निघालेला बद्रीनाथ दुसऱ्या बाजूला. टँकर राहिला बाजूला आणि दोघं एकमेकांची लायकी काढू लागले. संस्थेत दूध किती येतं याच्यापेक्षा ग्रुपवर कोण कुणाला काय बोललं याचीच चौकशी जास्त होऊ लागली.

अर्जुनरावांना बोलता यायचं, लिहिता यायचं नाही. एक दिवस त्यांचा ड्रायव्हर सिदू चेअरमनचा मोबाइल घेऊन बाकाशी आला.

"बन्सीकाका, मालक म्हंतेत, ह्या बद्र्याला असं काईतरी लिवा, की पुन्ना तोंड उघडायचा न्हाई."

बन्सीनं चष्मा पुसला, जरा वेळ विचार केला आणि लिहिलं: "बद्रीनाथरावांचा आवाज इतका दमदार आहे, की छावणीत बैल हंबरला तरी लोक विचारतात, आज कोणत्या विषयावर बोलले?"

छावणी हसून लोळली. अंगठे, हसरी तोंडं, सगळा पडदा भरून गेला. दुसऱ्या दिवशी खुद्द बद्रीनाथ गुपचूप आला, कारण असं लिहिणारं डोकं गावात एकच आहे हे त्यालाही ठाऊक होतं, आणि अर्जनवीस दोन्ही बाजूंचं लिहितो हेही. "काका, आता माझं बी लिवा." बन्सीनं त्याच्या मोबाइलवर लिहिलं: "पाण्याचा टँकर चौथ्या दिवशी येतो. अध्यक्षांच्या दुधात मात्र पाणी रोज येतं."

असं ते सुरू झालं. अर्जुनरावांचा मोसंबीच्या बागेसाठी खासगी टँकर होता, त्यातल्या दोन घागरी बन्सीच्या दारात येऊ लागल्या. बद्रीनाथ छावणीतून चाऱ्याची एक पेंढी पाठवी, कारण छावणीत शेळीला जागा नव्हती. म्हणजे माणसं एकाच्या पाण्यावर आणि शेळी दुसऱ्याच्या चाऱ्यावर.

"दोघांला झुंजवता आन् दोघांचंच खाता," भिमाबाई म्हणाली. "कावून करता हे?"

"म्या न्हाई लिहिलं, तर ते आपल्या हातानं लिहितील. मग आयाबहिणी निगतील. माझ्या हातात हाय तवर भांडण हद्दीत हाय."

ते खोटं नव्हतं. त्यानं स्वतःला तीन बंधनं घालून घेतली होती. घरातल्या बायकांवर लिहायचं नाही, मेलेल्या माणसावर लिहायचं नाही, आणि बाकावर कळलेलं काही लिहायचं नाही. पण पूर्ण खरंही ते नव्हतं. लोक हसतात हे बन्सीला आवडू लागलं होतं. सत्तेचाळीस वर्षं "मेहेरबान साहेबांचे सेवेशी" लिहिलेल्या माणसाच्या शब्दाला पहिल्यांदाच कुणी वाहवा म्हणत होतं. त्यात वाईट काय, असं त्याला वाटे. मला विचाराल तर वाईट तिथंच शिरलं.

मे महिन्यात बद्रीनाथनं सिदूला बाकावरून उठून जाताना डोळ्यांनी पाहिलं. चेअरमनचंही हाच लिहितो हे त्याला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि समोर दिसणं वेगळं. त्या दिवशी त्याच्यावर पडलेला टोमणा जरा वर्मी लागलेला होता. त्यानं स्वतःच्या हातानं, चुकत माकत, ग्रुपवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिदूनं ते आणून दाखवलं. बन्सीनं वाचलं: "चेअरमनला शब्द पण उसने लागतात. ते पण कोणाचे, तर ज्याचा बाप आमच्या दारात शिळी भाकर मागत होता त्याचे." खाली पस्तीस-चाळीस हसरी तोंडं होती. त्यांतल्या निम्म्या माणसांचे अर्ज बन्सीनं लिहिले होते.

बन्सीचा बाप म्हाळू गावात भाकर मागायला जायचा, हे खरं होतं. तेव्हा बलुतंच तसं होतं, गावचं सगळं मेलेलं-कुजलेलं काम करायचं आणि संध्याकाळी दुरडी घेऊन दारोदार उभं राहायचं. छप्पन साली म्हाळूनं दीक्षा घेतली, घरी येऊन दुरडी आढ्याला टांगली, आणि ती पुन्हा खाली काढली नाही. बन्सी तेव्हा पाच वर्षांचा होता. त्यानंतरचे उपाशी दिवस त्याच्या चांगले लक्षात होते. भूक लागली म्हणून तो रडला की बाप वर दुरडीकडे बोट करायचा आणि म्हणायचा, "ती न्हाई. पाटी घे." असा बाप. त्याला हे लोक हसले होते.

"आन तो मोबाइल," तो सिदूला म्हणाला. आणि एरवी एकेका शब्दाला पाच मिनिटं लावणाऱ्या माणसानं न थांबता लिहिलं:

"बद्रीनाथराव, भाकरीचं काढताय तर पुरतं काढा. बाहत्तरच्या दुष्काळात ज्या घरातल्या आईनं तीन महिन्यांचं लेकरू सकाळी मातीत घातलं आणि दुपारी खडी फोडायला बसली, वर पूर्ण दिवसाची हजेरी मिळावी म्हणून अर्ज केला, त्या घरानं दुसऱ्याच्या बापाची भूक काढू नये."

पाठवलं. सिदूनं वाचलं आणि तो हसला नाही. "लई कडक झालं, काका," एवढं म्हणून मोबाइल खिशात टाकून त्यानं गाडीला किक मारली.

गाडीचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत बन्सीला बरं वाटत होतं. मग त्यानं लिहिलेला 'अर्ज' हा शब्द त्याच्या डोळ्यांपुढे आला.

बद्रीनाथची आई केसरबाई. बाहत्तर साली त्या विशीबाविशीच्या होत्या. नवरा बैलगाडी घेऊन ऊसतोडीला गेलेला. घरात सासू आणि तीन लेकरं. दुष्काळी कामावर भल्याभल्या घरच्या बायका तोंडावर पदर ओढून खडी फोडायला बसत, त्यांत त्याही होत्या. तान्ही पोर हगवणीनं गेली, हे गावाला माहीत होतं. पण केसरबाई दुपारी परत कामावर आल्या, सकाळचा खाडा पडला म्हणून मुकादमानं सबंध दिवस कापला, हजेरीवर खायला मिळायची ती सुकडीही दिली नाही, आणि त्या संध्याकाळी बन्सीकडे येऊन रडू आवरत म्हणाल्या, "अर्ज लिही," हे फक्त बन्सीला माहीत होतं. सासूला त्यांनी सांगितलं होतं, दिवसभर मातीपाशी बसले होते. बन्सीच्या आयुष्यातला तो पहिला अर्ज.

तो उठला आणि भर उन्हात अर्जुनरावांच्या मळ्याकडे पळत सुटला. अडुसष्ट वर्षांचा माणूस पळून पळून किती पळणार? पोचला तेव्हा अर्जुनराव बाजेवर बसून सिदूकडून तो मजकूर पुन्हा वाचून घेत होते.

"मालक, ते पुसा. आजून पुसता येतंय."

"पुसा? खुळा झाला का बे तू?" अर्जुनराव म्हणाले. "निवडणूक खिशात घातली तू माझी. न्हाई पुसत."

"म्हातारीचं नाव निगंल, मालक. तिनं कुणाचं काय केलंय?"

"मंग लिवलं कावून?"

छावणीत तोवर ते चारदा मोठ्यानं वाचून झालं होतं.

केसरबाई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. छावणीपासून बाकापर्यंत चालत. मागं बद्रीनाथ, खाली मान घालून. त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी, बाक मिळायच्या आधी, त्या मातीत बसल्या होत्या आणि बन्सी दगडावर.

"वैनी, माझं चुकलं," बन्सी म्हणाला.

"माफी मागून घ्यायला न्हाई आले म्या. अर्ज लिहायचाय." त्यांनी मुलाच्या हातातला मोबाइल घेऊन बन्सीपुढं धरला. "ज्या ठिकाणी तू टाकलं, त्याच ठिकाणी लिही. माझ्या नावानं."

बन्सीनं मोबाइल घेतला.

"म्या केसरबाई, बद्रीनाथची आई. टाकलं ते खरं हाय. लेक सकाळी मातीत घातली आन् दुपारी म्या खडी फोडली. घरी दोन पोरं व्हती. एक पाच वर्साचं, एक तीन वर्साचं. हजेरी न्हाई तर सुकडी न्हाई. अर्ज बन्सीनं लिहिला. हजेरी लागली. त्या सुकडीवर तीन वर्साचं पोर जगलं. तेच पोर परवा बन्सीच्या बापाची भाकर काढत व्हतं. एवढंच."

बद्रीनाथनं तोंड फिरवलं. बन्सीनं एकेक शब्द त्यांनी सांगितला तसाच लिहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुणाची भाषा सुधारली नाही.

"अंगठा कुटं लावू?" केसरबाईंनी विचारलं.

त्यानं हिरवा बाण दाखवला. आयुष्यभर दगडामातीत झिजलेला अंगठा त्या काचेला कळेना. दोनदा लावला, तिसऱ्यांदा मजकूर निघून गेला. बद्रीनाथनं मोबाइल घेतला, "काका" असं काहीतरी म्हणाला आणि थोडा लांब जाऊन उभा राहिला. ग्रुपवर त्या दिवशी कुणीच काही लिहिलं नाही. संध्याकाळी फक्त टँकरची वेळ आली.

केसरबाई लगेच उठल्या नाहीत. "बन्सी, तवाच्या कागदावर माझ्या लेकीचं नाव काय लिहिलंतं तू?"

"नाव न्हाई, असं लिहिलंतं. बारसं व्हायचं व्हतं, तुमीच म्हनला व्हता."

"नाव व्हतं. मनातल्या मनात ठिवलं व्हतं म्या. नवऱ्याला न्हाई सांगितलं, सासूला न्हाई, पोरांला न्हाई." पदर सारखा करून त्या उभ्या राहिल्या. "कालपातूर वाटायचं, मरायच्या आदी एका मानसाला तरी सांगावं. बन्सीला सांगावं. त्यो कुटं बोलत न्हाई."

एवढं म्हणून त्या मुलाच्या मागं चालू लागल्या. बन्सीनं हाक मारायला तोंड उघडलं, पण कोणत्या तोंडानं हाक मारायची होती?

दुसऱ्या दिवसापासून तो बाकावर गेला नाही. सिदू दोनदा मोबाइल घेऊन घरी आला, भिमाबाईनं त्याला दारातूनच परत पाठवलं. पाणीही बंद झालं आणि चाराही. शेळी विकावी लागली. निवडणूक अर्जुनरावांनीच जिंकली.

केसरबाई पुढच्या वर्षी वारल्या. बन्सी मातीला गेला होता, सगळ्यांच्या मागं, लांब उभा होता. ते नाव काय होतं, हे कुणालाच कळलं नाही.