जॉबरमामांचे कान

त्या शेडमध्ये बहात्तर यंत्रमाग होते. बहात्तरांचे धोटे एकदम धावायला लागले की कुणी कानाशी येऊन बोंब मारली तरी नुसते ओठ हलताना दिसायचे. त्यामुळे तिथलं सगळं बोलणं हातांनी चालायचं. दोन बोटं कातरीसारखी हलली की धागा तुटला, मनगटावर टिचकी मारली की वाजले किती, आणि गालाखाली तळवा धरला की रात्री झोप झाली नाही. जॉबरमामा या भाषेतले पंडित. जॉबर म्हणजे बिघडलेला माग ताळ्यावर आणणारा माणूस, आणि हे काम ते एकतीस वर्षं करत होते. बायकोला लग्नाचं विचारलं तेही सहा माग पलीकडून, हातवाऱ्यांनीच. साऱ्या शेडने ते वाचलं होतं, आणि तिने लाजून मान हलवल्यावर टाळ्याही वाजल्या होत्या. त्या अर्थात कुणालाच ऐकू आल्या नाहीत.

कान कधी गेले ते मामांना कळलंच नाही. आधी फोनची घंटा गेली, मग शब्दांची टोकं. घरात टीव्ही इतका मोठा लागायचा की शेजाऱ्यांना स्वतःचा लावायची गरजच उरली नव्हती. मामा मात्र कबूल करायचे नाहीत. "हल्ली लोक तोंडातल्या तोंडात पुटपुटतात," एवढंच म्हणायचे. समजलं नाही की हसून मान डोलवायची, ही त्यांची युक्ती.

ही मान एक दिवस महागात पडली. मुलगी चार वर्षांच्या नातीला घेऊन राहायला आली होती. मामा जिन्याखाली बसून सायकलची साखळी साफ करत होते. वरून नातीने काहीतरी विचारलं. मामांनी सवयीने हसून मान डोलवली. दुसऱ्या क्षणी पोर सात पायऱ्या वरून खाली फरशीवर आली आणि तिचा हात मोडला.

दवाखान्यात प्लॅस्टर चढत असताना मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही तिथेच होतात ना?"

नात हुंदके देत काहीतरी बोलली. मामांनी तिचे ओठ वाचले. 'मी विचारलं होतं उडी मारू का. आजोबा हो म्हणाले.'

घरी आल्यावर मामा भिंतीकडे तोंड करून बसले. बायकोने जेवायला हाक मारली नाही, समजूतही घातली नाही. शेजारी बसून ती नुसती त्यांच्या पाठीवर हात ठेवून राहिली.

त्याच सुमारास राज्याच्या आरोग्य खात्याने पुढच्या दहा वर्षांचा आराखडा करायला घेतला होता. हवा, पाणी, धूळ आणि आवाज यांच्यापायी कुठली माणसं किती आजारी पडतात, ते जिल्ह्याजिल्ह्यांतून मोजायचं आणि मग काय करायचं ते ठरवायचं. मागांच्या गावात कान तपासणारी गाडी आली. गाडीत जाड भिंतींची छोटी खोली होती. आत बसायचं, हेडफोन लावायचा आणि बारीक आवाज आला की बोट वर करायचं. बाहेर यंत्रापाशी चष्मा लावलेली एक तरुण तपासनीस बसलेली.

मामा आत बसले. हेडफोनमध्ये सगळा शुकशुकाट. पण समोरच्या काचेत तपासनीसबाईंचा कोपर अंधुक दिसत होता. बटण दाबताना तो जरासा हलायचा. मागाचा नट किती पीळ सैल झालाय ते लांबून ओळखणारी नजर ती. कोपर हलला की मामांचं बोट वर.

बाईंनी कागद पाहिला. "मामा, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले निघाले की!"

बाईंच्या ओठांवरून अर्थ लागला तसे मामा खूश होऊन उठले. दारापर्यंत पोचले तेव्हा बाई मागून म्हणाल्या, "तुमची पिशवी राहिली." मामा चालतच राहिले. "मामा, पिशवी!" मामा पायरी उतरले.

बाईंनी धावत जाऊन त्यांचा दंड धरला, परत आणून बसवलं आणि काचेवरचा पडदा ओढला. या वेळी मामांचं बोट गुडघ्यावर पडून राहिलं. हेडफोन काढला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"बाई, एवढं लिहू नका. माझी दोनच वर्षं राहिलीत. बहिऱ्या जॉबरला कोण ठेवून घेईल?"

त्यांना ऐकू जाणार नाही हे ओळखून बाईंनी एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'दोन दिवसांत सत्तावीस जण तपासले. सगळ्यांचे कान ठणठणीत. मी हेच कळवलं, तर वरच्या साहेबांना वाटेल इथे काही त्रासच नाही. मग आराखड्यात हे गाव येणारच नाही.'

मामांनी कागद दोनदा वाचला. गेल्याच महिन्यात दोन मुली नव्याने मागावर लागल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्या एकाच फोनवर गाणी ऐकायच्या, एकीच्या कानात इअरफोनचं एक टोक, दुसरीच्या कानात दुसरं.

"लिहा," मामा म्हणाले. "माझे कान गेलेत, लिहा. पण कान गेले म्हणून कुणाचं काम जाता कामा नये, हेही त्यात लिहा."

बाईंनी लिहिलं: 'ते माझ्या हातात नाही. पुढच्या महिन्यात जिल्ह्याची बैठक आहे. तिथे तुम्ही सांगा.'

दुसऱ्या दिवशी सगळे माग धडधडत असताना मामा मधल्या वाटेत एका खोक्यावर चढले. त्यांनी कानाला हात लावला, हात झटकला, छातीवर बोट ठेवलं. माझे गेले. मग बाहेर उभ्या गाडीकडे बोट केलं आणि तळवा उघडा दाखवला. तिथे खरं सांगा. मग सगळ्यात जुन्या विणकरबाईने आपल्या कानाला हात लावून झटकला. मग तिच्या पलीकडच्याने. काचेच्या केबिनमधून मॅनेजर बघत होता. मामा व्यायाम करून घेतायत की काय, असंच त्याला वाटलं असणार.

सत्तावीस जणांची तपासणी पुन्हा झाली. एकोणीस जणांचे कान अधू निघाले.

जिल्ह्याच्या बैठकीत मामांना बोलायला उभं केलं. आपला आवाज किती मोठा आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. पहिल्याच वाक्याला समोरचे साहेब खुर्चीत दचकले.

"तपासणीचा कागद मालकाच्या हातात पडला तर एकही माणूस खरं सांगणार नाही!" मामा गरजले. "मी स्वतः फसवलं. घरीसुद्धा फसवत होतो. त्यात माझ्या नातीचा हात मोडला."

कोपऱ्यात बसलेल्या तपासनीसबाईंनी चष्मा काढून पुसला. साहेबांनी मामांना बसायची खूण केली आणि ते वहीत बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले.

आराखडा यायला दीड वर्ष लागलं. त्यात मागांचं गाव होतं. तपासणी दरवर्षी, निकाल फक्त त्या माणसाला आणि दवाखान्याला, आणि ऐकू येत नाही म्हणून कुणाला काढायचं नाही, असंही त्यात होतं. मागांखाली रबरी गाद्या आल्या. आवाज अडवणाऱ्या भिंतीचं काम मात्र अजून सुरूच व्हायचंय. कानांवर बसवायची जाड झाकणं मिळाली, पण ती घालून घाम येतो म्हणून पोरी गळ्यात अडकवून फिरायच्या. शेवटचे सहा महिने मामांनी तेच काम केलं. दिसली गळ्यात की हाताने खूण, वर चढव. नव्या दोघींना तर ते लांबूनही सोडत नसत.

निवृत्त झाल्यावर त्यांना सरकारी दवाखान्यातून कानाचं यंत्र मिळालं. पहिल्या सकाळी ते लावून मामा बाहेरच्या खोलीत चष्मा शोधत बसले. सगळं जग पत्र्यावर खडे टाकल्यासारखं वाजत होतं. मग स्वयंपाकघरातून एक आवाज आला.

"अर्धा तास झाला, चष्मा शोधतायत. डोक्यावर आहे म्हणून सांगावं, तर ऐकायला कुणी आहे का?"

मामांनी डोक्याला हात लावला. होता. ते खो खो हसायला लागले.

बायको हातात पळी घेऊन दारात आली. "अहो, तुम्हाला ऐकू आलं?"

"सगळं."

"अगं बाई!" ती मटकन खुर्चीवर बसली. "दहा-बारा वर्षं मी तुमच्यासमोर मनातलं मोठ्यांदा बोलतेय. आता मी कुठे जाऊन बोलू?"

"इथेच बोल," मामा म्हणाले. "मागचं सगळं राहिलंय माझं ऐकायचं."

तिने पळी टेबलावर ठेवली, पदर सारखा केला आणि तोंड उघडलं. पण नेमकं आताच तिला काही सुचेना. मामा वाट बघत बसले.