समुद्र नसलेल्या देशात माझे साडू

सुट्टी या गोष्टीचा माझ्या साडूंइतका कट्टर शत्रू सिंगापूरच्या बंदरात आजवर उतरलेला नाही, आणि हे बंदर काही लहान नाही. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. सगळी हयात जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. चीफ इंजिनिअर म्हणून जहाज सोडलं, तरी एका कंपनीच्या जहाजांची डागडुजी बघायला इथेच राहिले, बुकित बातोकला, अकराव्या मजल्यावर. त्या गडगडाटात आयुष्य काढल्यामुळे बोलणं असं, की त्यांच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडायच्या आत आज ताईंकडे भाजी कुठली आहे ते आम्हाला कळतं. स्वतःला कमी ऐकू येतं हे त्यांच्याखेरीज सगळ्या बुकित बातोकला ठाऊक होतं. माझी मुलगी लहान असताना त्यांना घाबरलेल्या मैत्रिणीला समजावत होती, "काका नॉट अँग्री ला, काका ओन्ली लाउड." कानाच्या मशीनचा विषय निघाला की ते खिशातून दीड वीत लांबीचा स्क्रू ड्रायव्हर काढून दाखवत आणि म्हणत, हे काय, माझं मशीन माझ्याजवळ आहे.

इंजिनवाल्यांची ही जुनी रीत. स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या यंत्राला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटायचे, की यंत्राचं पोटातलं दुखणं ऐकू येतं. आता जहाजावर हे शोभून दिसत असेल. पण आमचे साडू हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कॉफी मागवायच्या आधी दुकानदाराच्या फ्रीजला टोक लावून उभे राहत, आणि मागची रांग निमूट थांबे, कारण सिंगापुरात रांगेतल्या माणसाला कुणी प्रश्न विचारत नाही. आमच्या घरी आले की चपला काढायच्या, फ्रीज ऐकायचा आणि मग "काय, कसे आहात?" एकदा माझा गुडघा दुखत होता, तर त्यांनी त्यालाही टोक लावलं आणि वंगण कमी झालंय म्हणून सांगितलं. मी आठवडाभर हसत होतो. पुढे डॉक्टरांनी एक्स-रे काढून तेच सांगितलं, फक्त इंग्रजीत.

त्यांच्या सुट्ट्या ताईंना विचाराव्यात. कोची, कोलंबो, पेनांग, जिथे म्हणून गेले तिथे बंदर असायचंच, आणि बंदरात यांच्या ओळखीचं एखादं जहाज. पाच मिनिटांत चहा पिऊन येतो म्हणून आत जायचे ते दिवेलागणीला तेलकट मनगटांनी बाहेर यायचे. तोवर ताई दरवाज्यापाशी पहारेकऱ्याच्या शेजारी मांडीवर पर्स घेऊन बसलेल्या. मधुचंद्राला गोव्याला गेले होते. ताईंना गोवा कसा वाटला असं विचारलं तर त्या मुरगाव बंदराच्या फाटकाचं वर्णन करतात, आणि करतात छान.

गेल्या वर्षी मात्र ताईंनी पदर खोचला. आमच्यादेखत, जेवणाच्या टेबलावर. आवाज चढवायची त्यांना सवय नाही, घरात त्या खात्याला एक माणूस पुरेसा आहे. म्हणाल्या, "एक सुट्टी मला अशी हवी, जिथे समुद्र नाही, बंदर नाही. तिथे तुम्ही एका जरी यंत्राला हात लावलात, तर कोथरूडचा फ्लॅट उघडायचा आणि इथलं चंबूगबाळं आवरायचं. नाही लावलात, तर मी पुण्याचं नाव परत काढणार नाही." साडूंचा घास हातातच राहिला. बंदर सोडून कोथरूडला राहायचं म्हणजे त्यांच्या लेखी जिवंतपणी फोटोला हार घालून घ्यायचा. पण माणूस हट्टी. दुसऱ्या दिवशी त्यांनी देश शोधूनच आणला. लेसोथो. चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिका आणि मधोमध हा डोंगरांचा इवलासा देश. त्याची सगळ्यात सखल जागासुद्धा आपल्या महाबळेश्वराहून उंच. तिथे लोक घोड्यावरून डोंगर ओलांडतात, दोराला लटकून धबधब्याच्या कड्यावरून उतरतात आणि त्यालाच सुट्टी म्हणतात. साडू म्हणाले, जन्मभर समुद्राच्या पातळीखाली नोकरी केली, आता जरा वर जाऊन बघू. पैजेला पंच हवेत म्हणून मी आणि बायको आपोआप सहलीत ओढलो गेलो.

तयारी सुरू झाली बुकित तिमाहच्या टेकडीवर. सह्याद्री बघितलेल्या माणसाला तिला डोंगर म्हणताना ओशाळायला होतं, पण सिंगापुरात याहून उंच फक्त बँका आहेत. साडू पाठीवर तांदळाची पिशवी बांधून चढत. एके दिवशी माकडांनी पिशवी फाडली. साडूंनी त्यांना इंजिनरूमच्या आवाजात असं काही सुनावलं, की माकडं तांदूळ टाकून पळाली आणि योगासनं करणारी दोन माणसंही. निघायच्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर खिशातला स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवला, त्यावर एकदा हात फिरवला आणि वळून न बघता लिफ्टकडे चालू लागले. मला उगीचच भरून आलं.

लेसोथोत घोंगडीसारखं जाड रंगीत ब्लँकेट पांघरलेला आमचा वाटाड्या "लुमेला, न्ताते" म्हणत पुढे आला, म्हणजे नमस्कार, बाबा. साडूंनी असा दणदणीत "लुमेला" घातला, की दरीनं तो परत केला आणि घोडे दोन पावलं मागे सरले. मग त्यांनी आपल्या घोड्याच्या पोटावर तळवा ठेवला. उभ्या उभ्या जरा थरथरतो, म्हणाले. माझ्या बायकोनं लगेच तक्रार नोंदवली. मी पंच म्हणून बराच विचार करून निकाल दिला, की घोडा हे यंत्र नव्हे. धबधब्याच्या कड्यावर पुन्हा तोच पेच. कमरेच्या दोराला सरकणारी कडी असते, ती यंत्रात धरायची का? मी म्हटलं, जिवाच्या दोराला पैज लागू नाही. हा वाद चालू असताना ताई सलवार खोचून शिरस्राणासकट खाली पोचल्यासुद्धा होत्या. साडू त्यांच्या मागून उतरले, पण डोळे मिटून, आणि मारुतिस्तोत्र सबंध खोऱ्याला ऐकू गेलं.

दिवस मजेत चालले होते. डोंगरमाथ्यावर गवती छपरांच्या गोल खोल्यांत मुक्काम होता. ताईंना तिथली 'पाप' नावाची मक्याची लापशी म्हणजे थेट आपली उकड वाटली, आणि मालकीणबाईंना त्यांनी लसणाची फोडणीही शिकवली. आणि परतायच्या आदल्या सकाळी नळ कोरडे पडले. पाणी खालच्या ओढ्यातून पंपानं वर यायचं. पंप फिरत होता पण पाणी चढवत नव्हता, आणि मेकॅनिक शहरातून यायला दोन दिवस. कामावरच्या बाया बादल्या घेऊन तो उभा उतार उतरायला लागल्या, त्यातली एक तर पोटुशी होती. साडू खोलीबाहेरच्या दगडावर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. पंपाच्या खोपटाकडे बघायचे, बादल्यांकडे बघायचे आणि मान खाली घालायचे. पैज जिंकायला एकच दिवस उरला होता. माझ्यातला पंच मेला. मला त्यांच्याकडे बघवेना.

ताई उठून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात स्वेटरची गुंडाळी होती. ती उलगडली, आत स्क्रू ड्रायव्हर.

"टेबलावर विसरला होतात," त्या म्हणाल्या. "चला. पण या वेळी मी फाटकाबाहेर बसणार नाही."

खोपट एवढंसं, त्यात आम्ही सगळे. साडूंनी टोक पंपाला टेकवलं, मूठ कानामागे दाबली, डोळे मिटले. बराच वेळ गेला. मग त्यांनी कान बदलला. पुन्हा पहिला. आणि मग मी ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदा ते हळू आवाजात बोलले.

"मला काहीच ऐकू येत नाही गं."

ताईंनी स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या हातातून घेतला आणि मूठ स्वतःच्या कानामागे धरली. टोक कुठे टेकवायचं ते साडूंनी लांबून बोटानं दाखवलं. ताई डोळे मिटून ऐकत राहिल्या. "घरघर आहे," त्या म्हणाल्या. "आणि डब्यात सुपाऱ्या घालून हलवाव्यात तसं काहीतरी." एका जागी की सगळीकडे, असं त्यांनी विचारलं. सगळीकडे, ताई म्हणाल्या. साडूंच्या चेहऱ्यावर ऊन पडलं. पंपाला धाड भरलेली नाही, त्याच्यापर्यंत पाणीच पोचत नाहीये, ओढ्यातली जाळी बघा, ते गरजले. वाटाड्या खाली धावला आणि जाळीत अडकलेलं हातभर गवत उपसून आला. थोड्या वेळानं नळ खोकले आणि पाणी आलं. बायांनी ताईंच्या भोवती फेर धरला. ताई रडत होत्या आणि हसतही होत्या.

मी शास्त्रोक्त निकाल दिला, की टोक लागलं, हात लागला नाही, सबब साडू जिंकले. ताईंनी तो मानला. "राहू सिंगापूरलाच," त्या म्हणाल्या. बुकित बातोकच्या दारात किल्ली फिरवताना त्यांनीच सांगितलं, कोथरूडचा फ्लॅट उघडू म्हणून. जहाजं आता आपल्याशी बोलत नाहीत, जी ऐकते तिच्या गावाला जाऊ, असं म्हणाले. ताई हे आम्हाला अजून शब्दन् शब्द सांगतात.

आता अकराव्या मजल्यावर दुसरं कुटुंब आहे, आणि लिफ्टमध्ये काही म्हणजे काही ऐकू येत नाही. आमचा फ्रीज मध्यंतरी कुरकुरायला लागला. रविवारी फोनवर सांगितलं तर साडू ओरडले, फोन लाव त्याला. मी लावला. पलीकडे शांतता, मग त्यांचाच आवाज: "थांब, ती ऐकतेय." ताईंनी दुखणं बरोबर सांगितलं. एक रबर बदलायचंय, दहा मिनिटांचं काम. मी ते अजून केलेलं नाही. दर रविवारी फोन करून सांगतो, अजून कुरकुरतोय.