पॉलिनच्या लेकाचं टेबल

अमेरिकेतल्या मोनोंगाहेला नदीच्या काठावर, बंद पडलेल्या पोलादाच्या कारखान्याच्या सावलीत वसलेल्या आमच्या गावात इर्मा लिंडसेला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. लहानथोर सगळे तिला तेता म्हणत. तेता म्हणजे आत्या. खरी आत्या ती एकट्या ग्रेगची, हुडाक बेकरीच्या मालकाची, आणि त्याच बेकरीत ती अजून कामाला होती. पण जिने अर्ध्या गावाच्या बाप्तिस्म्याला, लग्नाला आणि मयताला पीठ मळलं, तिला दुसरं काय म्हणायचं? वय अठ्ठ्याहत्तर, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही. रोज सकाळी चर्चमधली मिस्सा चुकायची नाही आणि मिस्सा संपल्यावर पाद्रीबुवांचं प्रवचन किती लांबलं हे त्यांना तोंडावर सांगायलाही चुकायची नाही.

बाजारात बिस्किटांची पाकिटं रचलेली दिसली की ती ढुंकून बघत नसे. बिस्कीट म्हणजे करणाऱ्याच्या हाताची सही, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. आमच्याकडे लग्नात केक असतो तो फोटोपुरता. लग्न कसं झालं हे बघायचं ते बिस्किटांच्या टेबलावर. आत्या, मावश्या, शेजारणी महिनाभर आधीपासून घरोघरी ओव्हन पेटवतात, डझनावारी करतात, आणि लग्नाच्या दिवशी ते टेबल असं भरतं की पाव्हण्यांनी डबे भरून घरी न्यायचे. हे टेबल विकत घ्यायचं नसतं. कुठे लिहिलेलं नाही, पण शेंबडं पोरही सांगेल. विकत घेतलं म्हणजे आपलं म्हणायला कुणी नाही, हे गावभर जाहीर करण्यासारखंच.

तर दोन हजार अठराच्या सप्टेंबरातली गोष्ट. बुधवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी ग्रेग तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. मोठा सज्जन माणूस. पन्नाशीचा, चर्चच्या कामाला सगळ्यांत आधी हजर, दारूचा थेंब नाही. म्हणाला, काल पॉलिनचा डेमियन आला होता, लग्नाचा केक सांगायला. त्या वेस्लीशी लग्न करतोय. मी नाही म्हटलं. नीट बोललो, आवाज चढवला नाही. पाव ने, बन ने, रोज ये, पण या लग्नाचा केक माझ्या हातून व्हायचा नाही, माझ्या श्रद्धेत ते बसत नाही.

इर्माचं लाटणं चालू होतं. खरं सांगायचं तर दोन पुरुषांचं लग्न तिच्याही डोक्यात बसायला वेळ लागला होता आणि अजून पुरतं बसलेलं नव्हतं. त्यामुळे ती लाटतच राहिली. ग्रेगला वाटलं, चला, तेताला पटलं. आणि त्याने पुढचं सांगितलं. डेमियनला तीस डझन बिस्किटंही हवी होती. तीही नाही म्हटलं, एकाच लग्नाची म्हणून.

लाटणं थांबलं.

"बिस्किटं?" इर्मा म्हणाली. "आपल्याकडनं? विकत?"

"हो."

"अरे, त्याला विकत कशाला लागली?"

ग्रेगच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. डेमियनची आई पॉलिन तीन वर्षांपूर्वी गेली. बापाच्या दोन बहिणी होत्या, त्यांनी आधी हो हो केलं आणि ऐन वेळी एकीचा गुडघा दुखायला लागला, दुसरीला फ्लोरिडाला जायचं निघालं. वेस्ली लांबच्या गावचा, दवाखान्यात नर्स. त्याच्या घरच्यांनी तर दारच बंद केलेलं. शाळेत गणित शिकवणारा तो अडतीस वर्षांचा पोरगा स्वतःच्या लग्नाचं टेबल विकत मागायला आला होता, म्हणजे किती मान खाली घालून आला असेल! आणि तिथेही त्याला नाहीच ऐकावं लागलं.

"तेता, श्रद्धा आहे ना माझी," ग्रेग म्हणाला. "हात माझे आहेत."

"आहेत ना. आणि स्टॅनच्या तिसऱ्या लग्नाला तीन मजली केक कुणाच्या हातांनी केला होतास? पहिल्या दोघी जिवंत आहेत की रे, आणि घटस्फोट आपल्या चर्चला कुठे चालतो? तेव्हा श्रद्धा काय सुट्टीवर गेली होती?"

ग्रेग लाल झाला. ते वेगळं, म्हणाला. इर्माने जास्त ताणलं नाही. तिला ठाऊक होतं की पोरगा ढोंगी नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं एवढंच त्याचं झालं होतं, आणि ते भल्याभल्यांचं होतं. तिने ॲप्रन सोडला, खुंटीला अडकवला आणि सांगितलं की दोन आठवडे येणार नाही, घरी काम आहे.

तोवर वेस्लीच्या कुणा मित्राने झालं ते इंटरनेटवर टाकलं होतं. मग काय, शुक्रवारपर्यंत दुकानासमोर दोन टोळकी. एका बाजूला फलक, धर्म वाचवा. दुसऱ्या बाजूला फलक, या दुकानावर बहिष्कार टाका. त्यांच्यातलं निम्मं पब्लिक कधी या गावात आलेलं नव्हतं. ग्रेगला शहरातल्या एका वकिलाचा फोन आला की तुमचा खटला फुकट लढतो, डेमियनलाही दुसऱ्याचा आला. डेमियनने नको म्हणून सांगितलं. आईच्या मयताचे पाव ज्या दुकानातून आले त्याला कोर्टात ओढायचं नाही, एवढंच म्हणाला. एका वार्ताहर पोरीने इर्माला तिच्या दारातच गाठून विचारलं की बाई, तुम्ही कुणाच्या बाजूने? इर्मा म्हणाली, आत पीठ वर आलंय, तू आधी माझ्या वाटेतून बाजूला हो.

पण एकट्या म्हातारीच्या ओव्हनमधून टेबल भरत नाही. तिने रात्रंदिवस केलं असतं तरी एकाच हाताचं टेबल झालं असतं, आणि एकाच हाताचं टेबल बघून गावाने काय ते ओळखलंच असतं. म्हणून त्या बुधवारच्या दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, ती चर्चच्या तळघरात गेली होती. तिथे दर गुरुवारी बारा-तेरा बायका बसून दुसऱ्या दिवशी विकायचे पिरोही करतात, बटाटा आणि चीजचं सारण भरून कडा चिमटायच्या. हात चिमटत असतात आणि तोंडं गावभर फिरून येतात. इर्माने आपली नेहमीची खुर्ची ओढली, पीठ घेतलं आणि सरळ सांगितलं की पॉलिनच्या लेकाचं लग्न पुढच्या आठवड्यात शनिवारी आहे, टेबल रिकामं आहे, कोण काय करणार बोला.

सगळ्यांनी बर्निसकडे बघितलं. शेवटी बर्निस, जी या मंडळाची मुख्य, ती म्हणाली की पोराशी आमचं वैर नाही, पण पाद्रीबुवा काय म्हणतील?

"त्यांना विचारून आले," इर्मा म्हणाली. "ते म्हणाले, मला आशीर्वाद देता येणार नाही. मी म्हटलं, आशीर्वाद कुणी मागितलाय? लोण्यात पाप आहे का तेवढं सांगा. तर हसले आणि म्हणाले, लोण्याबद्दल चर्चचं काही म्हणणं नाही."

दोघीतिघी हसल्या. बर्निस हसली नाही. तिच्या कपाळावरची आठी काही सुटेना. तेव्हा इर्माने हातातला पिरोही खाली ठेवला आणि छप्पन्न वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट बाहेर काढली.

बासष्ट साली तिने क्लाइड लिंडसेशी लग्न केलं. क्लाइड दुसऱ्या पंथाचा. त्यामुळे चर्चमध्ये वेदीसमोर नाही, तर पाद्र्याच्या घरच्या बैठकीत, दारं लावून पाच मिनिटांत लग्न लागलं. जेवण अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. आणि टेबल? इर्माच्या सख्ख्या बापाने, ज्याची बेकरी, त्याने भट्टी पेटवायला नकार दिला. देवाला काय तोंड दाखवू, म्हणाला. त्याने नाही म्हटल्यावर गावातल्या बायकांनीही नाही म्हटलं.

"तुझी आई होती त्यांत, बर्निस," इर्मा म्हणाली. "तुझीही, डोरिन. चांगल्या बायका होत्या. माझ्या बाळंतपणात सूप घेऊन आल्या. पण त्या दिवशी मी पांढऱ्या कापडाचं रिकामं टेबल बघितलं. तेवढ्यात वीस वर्षांची पॉलिन एक ताट घेऊन आली. अक्रोडाचं सारण भरून दुमडलेले कोलाची. पोरीला धड ओव्हन लावता येत नव्हता, सगळे तळाला काळेकुट्ट. सगळ्या टेबलावर तेवढं एक ताट. मी आणि क्लाइडने ते संपवलं. मला अजून ती चव आठवते, आणि ती चांगली नव्हती."

यावर कुणी हसलं नाही. पिरोही चिमटण्याचंच काम काय ते चालू राहिलं. बर्निसने हातातल्या पिरोहीची कड दोनदा चिमटली. मग म्हणाली की मी जर्दाळूचं सारण जास्त करून ठेवलेलंच आहे, बघते. बघते म्हणजे हो, हे आमच्याकडे सगळ्यांना कळतं.

पुढच्या आठवड्यात इर्माच्या ओसरीवर ताटं यायला लागली. काही जणी बेल वाजवून देऊन गेल्या. काही मात्र ठेवून पसार, नाव नाही, चिठ्ठी नाही, जणू ताकाला जाऊन भांडं लपवताहेत. पण बिस्किटाची कड कुणी कशी दुमडते हे इर्माला अक्षरासारखं वाचता यायचं. ही डोरिन, ही कोपऱ्यावरची लॉरेटा. आणि एक ताट बघून तर ती दारातच खाली बसली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गुडघा दुखत होता त्या आत्याचं.

लग्नाच्या दिवशी दुपारी ताटं हॉलवर न्यायची होती आणि इर्माला गाडी येत नाही. ती शेजाऱ्याला फोन लावत होती तेवढ्यात बेकरीचा टेम्पो दारात येऊन थांबला. ग्रेग उतरला. दाढी वाढलेली, डोळे बसलेले. तळघरातली गोष्ट त्याच दिवशी संध्याकाळी त्याच्यापर्यंत पोचली होती, न पोचायला काय झालं.

"आजोबांनी तुझ्यासाठी भट्टी पेटवली नव्हती," तो म्हणाला. "मला कुणी सांगितलं नाही."

"तुला आजोबा आवडायचे. कशाला सांगायचं?"

"तरी तू त्यांच्याच भट्टीवर जन्मभर उभी राहिलीस?"

"बाप होता माझा. वाईट नव्हता. मरायच्या आदल्या वर्षी एक ताट घेऊन माझ्या दारात आला. छत्तीस वर्षांनी. नुसता तिथे उभा राहून रडला. फार उशीर केला रे त्याने."

ग्रेगने टोपी काढली आणि परत घातली. म्हणाला, तेता, मी ताटं दारापर्यंत आणीन, पण आत येणार नाही. माझ्याच्याने होणार नाही.

"मी कुठे आत बोलावलंय? ताटं जड आहेत, उचल."

त्याने एकोणतीस ताटं नेली, दाराशी नीट उतरवली, आणि उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. मग टेम्पोत जाऊन बसला. घरी मात्र गेला नाही.

आत तीन टेबलं जोडून मांडली तरी जागा पुरेना. डेमियन आणि वेस्ली आले तेव्हा दोघांनाही वाटलं की आपण चुकून दुसऱ्याच्या लग्नात शिरलो. वेस्ली तर असं टेबल जन्मात पहिल्यांदा बघत होता. तो प्रत्येक ताटापुढे थांबून हे कुणी केलं विचारत होता आणि बायका आपापली नावं सांगत होत्या. ज्यांनी चिठ्ठी लावली नव्हती त्याही सांगत होत्या. डेमियन हळूहळू टेबलाच्या टोकाला पोचला. तिथे एक लहान बशी होती. त्याने एक कोलाची उचलला, आईच्या वेळच्या सवयीने उलटा केला आणि तसाच उभा राहिला. तळ काळाकुट्ट होता.

"तेता," तो म्हणाला. "हे कुणी..."

"मी. साठ वर्षांत पहिल्यांदा मुद्दाम करपवले. तीन घाणे फुकट गेले. हात ऐकेचना, वास आला की ओव्हन उघडायचा. शेवटी अंगणात जाऊन उभी राहिले तेव्हा कुठे जमलं. तुझ्या आईचं ताट नसलेलं टेबल मी लावू कशी?"

डेमियनने तो तोंडात टाकला. अडतीस वर्षांचा गणिताचा मास्तर, इतक्या लोकांसमोर तोंड भरलेलं असताना रडायला लागला, आणि वेस्लीने त्याच्या हातातला अर्धा घेऊन स्वतः खाल्ला. खाल्ल्याबरोबर त्याचं तोंड वाकडं झालं. इर्माला तो पोरगा त्या क्षणी आवडला. तिच्या डोक्यात जे बसायचं राहिलं होतं ते तेव्हा बसलं.

पाव्हणे डबे भरायला लागले तशी तिनेही एक डबा भरला, वरती बशीतले दोन ठेवले आणि बाहेर आली. ग्रेग अजून टेम्पोत होता. तिने खिडकीतून डबा आत दिला. त्याने वरचा कोलाची घेतला, बेकरीवाल्याच्या नजरेने फिरवून बघितला.

"तेता, हा करपलाय."

"खा. पॉलिनचा आहे."

तो हॉलच्या दाराकडे बघत राहिला. आत जायला काही उतरला नाही. पण त्याने तो सगळा खाल्ला, आणि मग दुसराही खाल्ला.